पाहिले. ठीक आहे.

आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातलं एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर तोंडं वाकडी करायला नकोत. डिझेलच्या जमान्यात याच सातकडी घाटात फुटलेला ब्रेकचा पाइप काथ्यानं आवळून वऱ्हाडाची गाडी खाली आणणारा मिस्त्री मीच. त्यावरही कुणी विश्वास ठेवला नाही. नवरदेवानं तर साधा नारळसुद्धा दिला नाही.

"मागच्या आठवड्यात सांगितलंत तेव्हा काथ्या नव्हता काका, लुगड्याचा काठ होता," तृप्ती म्हणाली.

गिरिवाट प्रवासी सेवेच्या नव्या तुकडीतली ही ड्रायव्हर पोरगी. चार दिवसांनी पहिल्यांदा घाट उतरणार, आणि डेपोसमोरच्या या चहाच्या टपरीवर बसून आत्तापासूनच मला अडवायला शिकते आहे. तिच्या मागं तिच्याच तुकडीतली पाच-सहा टाळकी, हातात ग्लास घेऊन.

"आत काथ्या, वरून काठ," मी म्हणालो. "आणि आजच्या गोष्टीला साक्षीदार आहे. तो बघ, फणसाखालच्या बाकावर बशीतनं चहा पितोय. माझे दाजी, सर्जेराव येडगे. एकतीस वर्षं याच घाटात ड्रायव्हर. मी खोटं बोललो तर ते उठून सांगतील."

तृप्तीनं तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ते तर बोलतच नाहीत काका."

"तेच तर सांगतोय."

दहा वर्षांपूर्वी, म्हणजे २०४१ साली, तुम्ही दाजींना ऐकायला पाहिजे होतं. गाडी वळणावर दिसायच्या आधी त्यांचा आवाज यायचा. विजेच्या गाड्या मुक्या, म्हणून वळणावर हॉर्न मारायचा नियम होता. दाजींचा हॉर्न गंजला, इतका तो वापरलाच नाही. रस्त्यात शेळी आडवी येवो, जीप येवो, नाहीतर आमदाराची मिरवणूक येवो, काच खाली व्हायची आणि आरोळी यायची, "हट, खवीसाच्या नातवा!" तिसऱ्या वळणावरची एक काळी शेळी ही शिवी खाल्ल्याशिवाय रस्ता सोडायची नाही. दाजी रजेवर असले की ती दिवसभर तिथंच उभी. मला तर लग्नाच्या मांडवापासून त्यांनी दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. माझी आक्का म्हणायची, "अहो, माझा भाऊ आहे तो, हणमंत नाव आहे त्याचं." दाजी म्हणायचे, "हणमंत तर हणमंत. ये रे खवीसाच्या नातवा, जेवायला बस."

आता तुम्ही विचाराल, तेव्हा गाड्या आपल्या आपण चालायच्या, मग ड्रायव्हर कशाला? सपाटीवर चालायच्या. पण सातकडीत धुकं, दरड, शेळ्या आणि वळणाच्या मधोमध उभं राहून सोयरिकीच्या गप्पा मारणारी माणसं, हे काही त्या संगणकाच्या डोक्यात बसेना. म्हणून घाटापुरता माणूस ठेवला. दिवसाला चार फेऱ्या. तेवढ्यानंच माणसाचा पिट्ट्या पडायचा.

मग एके दिवशी डेपोच्या अंगणात मांडव पडला आणि कंपनीचे डॉक्टर मोकाशी आले. गोरे, गुळगुळीत, इस्त्री केल्यासारखे. त्यांच्या हातात कानामागं चिकटवायची एक पट्टी होती. नखाएवढी. नाव 'निवांत'.

"तुमच्या गाडीसारखाच तुमच्या मेंदूलाही ब्रेक असतो," डॉक्टर म्हणाले. आम्ही सरसावून बसलो. शिकलेला माणूस पहिल्यांदाच आमच्या कामातलं काही बोलला होता. "मेंदूतल्या पेशींच्या अंगावर हजारो बारीक दारं असतात. गाबा नावाचं रसायन मेंदू स्वतःच तयार करतो. ते येऊन दारावर बसलं की दार उघडतं, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी गप्प होते. अशा दाराला आम्ही ग्राही म्हणतो. माणूस घाबरला, चिडला की पेशी एकदम कलकलाट करतात, आणि गाबा त्यांना गप्प बसवतो. आमची पट्टी तुमच्या मेंदूच्या लहरी वाचते, कलकलाट वाढला की कातडीतून औषध सोडते. ते औषध काय करतं? उघडलेलं दार जरा जास्त वेळ धरून ठेवतं. बस्स."

मी हात वर केला. "सारखं दार धरून ठेवलं, तर बिजागरी झिजत नाही का साहेब?"

"मेंदूला बिजागरी नसते, मिस्त्री."

सगळा मांडव हसला. मीही हसलो. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. तीस वर्षं ब्रेकमध्ये हात घातलेला माणूस मी, बरोबर जागी बोट ठेवलं होतं, आणि दात काढून खाली बसलो!

पट्टी लागली आणि चमत्कार झाला, हे नाकारणार नाही. आठ दिवसांत डेपोतली भांडणं बंद. ड्रायव्हर कसे, तर तळ्यातल्या पाण्यासारखे. कंपनीनं हे बघितलं आणि काय केलं असेल? चार फेऱ्यांच्या पाच केल्या. कुणी ओरडलं नाही. सहा केल्या. दिवाळीनंतर सात. अहो, गाडी तापली तर आम्ही ती बाजूला घेतो, बॉनेट उघडतो, निवू देतो. माणूस तापला तर त्याचा तापमापक काढून टाकायचा, ही कुठली मिस्त्रीगिरी? ओरडणारा माणूस काहीतरी सांगत असतो! त्याला गप्प करायचं औषध निघालं, की त्याचं ऐकायचं काम संपलं.

"काका, चहा सांडतोय," तृप्ती म्हणाली.

सांडू दे.

एका रविवारी आक्का माझ्याकडं आली. उंबऱ्यातच म्हणाली, "हणमा, काल माझी म्हस मेली."

"अरेरे. दाजींनी आकाशपाताळ एक केलं असेल."

"ते दारात आले. बघितली. 'बरं' म्हणाले. हातपाय धुवून जेवायला बसले." आक्का रडत नव्हती, लालबुंद झाली होती. "परवा भाकरी करपली, ती खाल्ली. पोरीच्या सोयरिकीचा निरोप आला, त्यालाही 'बरं'. तीस वर्षं ज्याच्या तोंडाला तोंड दिलं, तो माणूस कुठं ठेवलाय तुमच्या कंपनीनं? जा, विचारून ये."

मी विचारायला गेलो नाही. म्हटलं, शांत झालेत, वाईट काय त्यात.

उन्हाळा लागला आणि गाडी उलट्या गिअरमध्ये पडली. दाजींच्या हातातली बशी वाजायला लागली. ताट पडलं की ते उडी मारून उभे राहायचे. झोप दोन-तीन तासांवर आली. पट्टी बिचारी इमानदार, कलकलाट वाचायची आणि आणखी औषध सोडायची. आणि ती जेवढं जास्त सोडी, तेवढे दाजी जास्त दचकत. तेव्हा मात्र मी त्यांना उचललं आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर निलोफर काझींकडं नेलं. वयानं माझ्या मुलीएवढी बाई. पण दाजींना तिनं अर्धा तास नुसतं बोलू दिलं. मग चिठ्ठीच्या पाठीवर एक गोल काढला, गोलाला दारं काढली.

"दार सतत धरून ठेवलं, की पेशी त्याची सवय करून घेते," ती म्हणाली. "काही दारं ती आत ओढून घेते, काहींची घडण बदलते. मग तेवढंच औषध पुरत नाही. ही झाली औषधाची करणी. आता ताणाची ऐका. क्लोराइड पेशीच्या आत कमी आणि बाहेर जास्त, म्हणून दार उघडल्यावर ते आत येतं. आतलं उपसून बाहेर टाकायला पेशीला पंप असतो. महिनोन् महिने ताण राहिला, की काही पेशींतला हा पंप ढिला पडतो. क्लोराइड आत साचतं. मग दार उघडलं की ते आत यायच्या ऐवजी बाहेर धावतं. आणि जी पेशी गप्प व्हायची, ती उलट पेटते."

"म्हणजे ब्रेकवर पाय दिला की गाडी पळते?"

"त्या पेशींत, हो. आणि पट्टीला ते कळत नाही. ती आणखी जोरात पाय देते."

"मग आत्ता काढून फेकतो ही पट्टी." मी हात पुढं केला.

तिनं माझं मनगट धरलं. "हात लावू नका! दारं कमी झालीत काका. औषध एकदम तोडलं तर उरलेला ब्रेकही जाईल, फिट येईल. दोन महिने थोडं थोडं उतरवायचं. आणि त्या दोन महिन्यांत गाडी नाही, घाट नाही. तेवढं केलं तर माणूस परत मिळेल."

दोन महिन्यांची रजा! एकतीस वर्षं नोकरी केलेला माणूस, मागत होता दोन महिने. कंपनीच्या पडद्यावर अर्ज भरला. पडद्यानं पट्टीचं रेकॉर्ड काढलं आणि उत्तर दिलं, 'कर्मचारी शांत आहे. रजेचं कारण आढळत नाही.' काझीबाईंची चिठ्ठी जोडली, तर म्हणे बाहेरच्या डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही. ज्या पट्टीबद्दल तक्रार, तीच साक्षीदार आणि तीच न्यायाधीश! तुम्ही गप्प काय बसलाय? चिडा की जरा!

मग राहिली वही.

ही वही तुम्ही रोज बघता. सगळं पडद्यावर गेलं, पण घाटात नेट जातं म्हणून वही राहिली. ड्रायव्हरनं उतरल्यावर निळ्या पेनानं तक्रार लिहायची. वायपर वाजतो, आरसा हलतो, ब्रेक उशिरा लागतो. खाली तपासणारानं लाल पेन्सिलीनं लिहायचं, 'पाहिले. ठीक आहे.' आणि जोवर ते लाल लिहिलं जात नाही, तोवर ना ती गाडी बाहेर पडायची ना तो ड्रायव्हर, असा सुरक्षेचा कायदाच आहे. मालकाचा बापसुद्धा त्यापुढं काही करू शकत नाही.

"पण मिस्त्री लोक न बघताच लिहितात म्हणे," तृप्ती म्हणाली. "चाळीस तक्रारींचा गठ्ठा, एका दमात."

"लिहितात काही काही," मी म्हणालो आणि कानामागची पेन्सिल नीट केली.

तर दाजींनी शुक्रवारी उतरल्यावर वही उघडली. हात कापत होता, तरी एकेक अक्षर कोरून लिहिलं. मला तोंडपाठ आहे. 'गाडीचा ब्रेक ठीक. माझा ब्रेक लागत नाही. मला गाडीवरून उतरवा. स. येडगे.' लिहून झाल्यावर घरी गेले आणि आक्काला म्हणाले, "आता थांबवतील." घरात कित्येक महिन्यांनी 'बरं' सोडून दुसरं काही बोलले होते. आक्कानं त्या संध्याकाळी शिरा केला.

शनिवारी सकाळी त्या निळ्या ओळींखाली लाल अक्षरं होती. 'पाहिले. ठीक आहे.'

कुणी लिहिली? त्या आठवड्यात नवा हुकूम निघाला होता, की माणसांबद्दलच्या तक्रारी डॉक्टर मोकाशींनी तपासायच्या. वही त्यांच्या टेबलावर होती. आणखी काय सांगू? तक्रार मिटली. दाजींना फेरी लागली.

सोमवारी दुपारी चारचा सुमार. सहावी फेरी, घाट उतरती, गाडीत एकतीस माणसं. पाचव्या वळणाच्या अलीकडं पट्टीनं एक बारीक शीळ घातली आणि बंद पडली. डोस वाढत गेला होता ना, महिन्याची ठरवून दिलेली मर्यादा संपली. यंत्राच्या मते नियम म्हणजे नियम. जे तोडायचं नाही म्हणून काझीबाईंनी माझं मनगट धरलं होतं, ते त्या नखाएवढ्या वस्तूनं उतारावर, एकतीस माणसं मागं बसलेली असताना, एका झटक्यात तोडलं.

पुढच्या बाकावरच्या बाईनं मला सांगितलं ते सांगतो, यात माझं काही नाही. दाजींची बोटं वाकडी व्हायला लागली. त्यांनी ती बघितली. दरी डावीकडं, डोंगर उजवीकडं. त्यांनी सगळ्या अंगानं चाक उजवीकडं ओढलं, गाडीचं नाक डोंगराच्या चरात घातलं, हँडब्रेक खेचला आणि ओरडले, "धरा!" मग कोसळले. कुणाचा दात पडला, कुणाचं मनगट मुरगळलं. एकतीसच्या एकतीस माणसं घरी गेली. मेंदूचा ब्रेक गेलेल्या माणसानं गाडीचा ब्रेक लावला हो!

फिट पाऊण तास थांबली नाही. दवाखान्यातनं तीन महिन्यांनी दाजी घरी आले, तेव्हा चालत होते, जेवत होते, माणसं ओळखत होते. शब्द मात्र चारच उरले. हूं, नको, चहा, बास. काळी शेळी तिसऱ्या वळणावर दोन वर्षं उभी राहिली आणि म्हातारी होऊन मेली. काझीबाई म्हणाल्या, "त्यांच्यासमोर बोलत राहा. शब्द पुसलेले नाहीत, वाट बुजलीय. कधी कधी माणूस खूप चिडला, की सगळ्यात आधी शिवीच परत येते." तेव्हापासून रोज त्यांना इथं आणून बसवतो. ती शिवी एकदा ऐकायला मिळाली, तर हा उजवा कान कापून देईन, पेन्सिलीसकट.

मग चौकशी बसली. याच अंगणात. कंपनीच्या वकिलानं वही उघडली आणि चष्मा पुसत वाचलं, "तक्रारीची रीतसर तपासणी झालेली आहे. पाहिले, ठीक आहे. सबब कंपनीचा दोष नाही." खटाक, वही बंद. सात फेऱ्या लावणारे सुटले. पट्टी बनवणारे सुटले. 'कर्मचारी शांत आहे' म्हणणारा पडदा सुटला. कशाच्या जोरावर? तीन शब्दांच्या! न बघता, न वाचता, कुणीतरी चहाचा घोट घेता घेता खरडलेल्या तीन शब्दांच्या! एका माणसानं पदर पसरला होता त्या कागदावर, आणि ज्यानं त्याच्यावर लाल पेन्सिल फिरवली, तो हात खांद्यापासून झडायला पाहिजे होता. झडला नाही. जेवतो, खातो, चहा पितो.

तृप्तीनं विचारलं, "मग त्या डॉक्टरांना कुणीच काही केलं नाही?"

आता माझी गाडी सपाटीला लागली.

"केलं नाही कसं? मी केलं! आमच्या वर्कशॉपची रीत तुला माहीत आहे. ज्यानं ब्रेक पाहिला, त्यानं पहिल्या उतरणीला गाडीत बसायचं. मी डॉक्टरांची गचांडी धरली, दोन कानांमागं सहा पट्ट्या चिकटवल्या आणि बसवलं त्यांना पुढच्या बाकावर. पहिल्या वळणावर डॉक्टर इतके निवांत झाले, की त्यांच्या अंगावरची माशीसुद्धा झोपली. तिसऱ्या वळणाला काळी शेळी गाडीत चढली, त्यांच्या शेजारी बसली, त्यांचा टाय खाल्ला. डॉक्टर म्हणाले, 'बरं.'"

पोरं हसायला लागली. एकाचा चहा नाकातनं आला.

"पाचव्या वळणावर दारं उलटी फिरली. डॉक्टर टपावर! उभे राहून दरीला शिव्या देतायत आणि दरी त्यांना परत शिव्या देतेय, आणि दरीच्या शिव्या जास्त चांगल्या. खाली आलो तेव्हा केस पांढरे, दात तीन कमी."

"काका, मघाशी तर शेळी मेली होती," तृप्ती डोळे पुसत म्हणाली.

"मेली होती, तरी आली. तिचाही हिशेब राहिला होता. मग मी काय केलं, सगळ्या डेपोसमोर ती वही उघडली, डॉक्टरांच्या नाकापुढं धरली आणि विचारलं, 'बोला, हे लाल अक्षर कुणाचं?' डॉक्टर हुंदके द्यायला लागले. म्हणाले, 'मिस्त्री, माझंच. न वाचता लिहिलं. पेन्सिलही माझीच...'"

फणसाखाली बशी फुटली.

मी मागं वळलो. दाजी उभे होते. कपाळावरची शीर करंगळीएवढी फुगली होती, ओठ हलत होते, जबडा कुठला तरी जड दगड उचलत असल्यासारखा थरथरत होता. शेळी गाडीत चढली तेव्हा ते काही बोलले नव्हते. डॉक्टर टपावर चढले तेव्हाही नाही. त्यांचा हात वर आला आणि कापणारं बोट माझ्या कानामागच्या लाल पेन्सिलीवर येऊन थांबलं.

"खो... खोटं!" दाजी ओरडले, आणि डेपोतल्या माणसांनी खिडक्यांतनं माना बाहेर काढल्या. "अक्षर तुझं होतं... खवीसाच्या नातवा!"